शेंगेन व्हिसाचा फोटो: पुण्यात काढताना काय बघायचं

युरोपच्या व्हिसाची तयारी करताना बँक स्टेटमेंट, प्रवास विमा, विमानाचं आणि हॉटेलचं बुकिंग यांच्यामागे माणसं पंधरा-पंधरा दिवस घालवतात. फोटो मात्र अपॉइंटमेंटच्या आदल्या संध्याकाळी, भाजी आणायला बाहेर पडलं की येता येता उरकला जातो. स्टुडिओत जाऊन 'पासपोर्ट साइझ' म्हटलं की काम झालं, असा आपला समज असतो. दुसऱ्या दिवशी व्हिसा केंद्रातली काउंटरवरची व्यक्ती फोटो परत देते आणि मग ऐन वेळी, घाम पुसत, जो मिळेल तो फोटो काढून द्यावा लागतो. थोडं आधी लक्ष दिलं तर हे सगळं टाळता येतं.

पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. मुलाकडे किंवा मुलीकडे निघालेले आई-वडील, ग्रुप टूरने जाणारी जोडपी, बोट क्लब रोडच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकून तिकडे फिरायला निघालेली मुलं. पुण्यात अशी घरं आता गल्लोगल्ली आहेत. यातल्या बहुतेकांना अशा फोटोचा सराव नसतो, कारण मोठ्यांच्या पासपोर्टसाठी फोटो न्यावाच लागत नाही. मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात तो काउंटरवरच काढतात. त्यामुळे मोजून मापून फोटो द्यायची वेळ बऱ्याच जणांवर व्हिसाच्या निमित्ताने पहिल्यांदाच येते.

या फोटोकडून अपेक्षा एकच आहे: तुम्ही आज जसे दिसता तसेच त्यात दिसायला हवं. पुढच्या सगळ्या सूचना यातूनच निघतात.

आधी देश बघा

शेंगेन म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपातल्या देशांचा गट, त्यात सध्या २९ देश आहेत. फ्रान्स, जर्मनी, इटली, स्पेन, नेदरलँड्स, ऑस्ट्रिया हे आपल्या ओळखीचे. युरोपियन युनियनमध्ये नसलेले स्वित्झर्लंड, नॉर्वे आणि आइसलँडही यात येतात. ब्रिटन आणि आयर्लंड यात नाहीत. 'लंडन-पॅरिस-स्विस' अशी टूर घेतली असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो आणि त्याची पद्धतही वेगळी असते. या लेखातली मापं शेंगेनची आहेत.

अमेरिकेच्या व्हिसासाठी काढलेले दोन बाय दोन इंचाचे चौकोनी फोटो घरात पडलेले असतील तर ते इथे चालत नाहीत, आणि कापून छोटे करायच्या फंदातही पडू नका. पॅन कार्डाच्या अर्जासाठी काढलेला फोटो तर आकाराने आणखी लहान असतो.

ज्या देशाचा व्हिसा हवा आहे, त्या देशाची कागदपत्रांची यादी उतरवून घ्या आणि त्यातली फोटोची ओळ नीट वाचा. मूळ नियम सगळीकडे सारखे आहेत, पण बारीकसारीक फरक असतात. कुणाला मॅट कागद हवा असतो, कुणी चष्म्याबद्दल जास्त कडक असतं. इथे लिहिलेलं आणि यादीतलं जुळलं नाही, तर यादीतलं खरं धरा.

मापं

फोटोचा आकार ३५ मिलिमीटर रुंद आणि ४५ मिलिमीटर उंच. पुण्यातले स्टुडिओ पासपोर्ट साइझ म्हणून साधारण हाच आकार देतात, त्यामुळे इथे सहसा घोळ होत नाही.

घोळ होतो चेहऱ्याच्या आकारात. हनुवटीच्या टोकापासून डोक्याच्या माथ्यापर्यंतची उंची ३२ ते ३६ मिलिमीटर असायला हवी. यादीत हेच 'चेहरा ७० ते ८० टक्के' असं लिहिलेलं असतं. माथा म्हणजे कवटीचा वरचा भाग. फुगवलेले केस किंवा वर बांधलेला अंबाडा यात धरायचा नाही. आपल्याकडच्या नेहमीच्या फोटोत छातीपर्यंतचा भाग येतो, खांदे पूर्ण दिसतात, शर्टाची दोन-तीन बटणं दिसतात आणि चेहरा फोटोच्या जेमतेम निम्म्या उंचीत मावतो. शाळा-कॉलेजचे अर्ज, बँक, सोसायटीचा फॉर्म, सगळीकडे हाच फोटो चालत आला आहे, म्हणून फोटो काढणाऱ्याचा हातही तसाच बसलेला असतो. व्हिसाच्या फोटोत चेहरा याच्या दीडपट मोठा दिसतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो अंगावर आल्यासारखा वाटतो आणि 'जरा लांबून घ्या ना' असं म्हणावंसं वाटतं. तसं म्हणू नका. तो मोठा चेहराच बरोबर आहे.

फोटो गेल्या सहा महिन्यांतला हवा. तारीख कुठे छापलेली नसते, पण पासपोर्टमध्ये दोन वर्षांपूर्वीचा व्हिसा असेल आणि त्यावर हाच शर्ट, हीच केसांची बट असेल तर काउंटरवर लगेच ओळखू येतं. शेंगेनसाठी दिलेले बोटांचे ठसे ५९ महिन्यांच्या आतले असतील तर ते पुन्हा वापरता येतात. फोटोला ही सवलत नाही, तो दर वेळी नवा द्यायचा.

पार्श्वभूमी साधी आणि फिकट हवी. भारतातल्या बहुतेक याद्यांमध्ये पांढरी मागितलेली असते. निळा पडदा, लाल पडदा, भिंतीवरची नक्षी, दाराची चौकट यातलं काहीही मागे नको. फोटोभोवती पांढरी किंवा काळी किनार नको, कोपरे गोल कापलेले नकोत.

स्टुडिओत काय सांगायचं

फोटो घरीही काढता येतो आणि ती पद्धत पुढे दिली आहे. तरी पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांनी स्टुडिओतच जावं असं माझं मत आहे. दोन बाजूंनी सारखा उजेड, डोळ्यांच्या उंचीवरचा कॅमेरा आणि फोटोच्या कागदावरची छपाई या तीन गोष्टी तिथे आयत्या मिळतात. लक्ष्मी रोड, डेक्कन, कर्वे रस्ता, कॅम्प, पिंपरी, कुठल्याही भागात चांगले स्टुडिओ आहेत. व्हिसाचे फोटो नेहमी काढणारा स्टुडिओ मिळाला तर उत्तम. दारात 'ऑल कंट्रीज व्हिसा फोटो' अशी पाटी असते, पण पाटीवर विसंबून राहू नका. आत गेल्यावर 'शेंगेनला चेहरा किती मिलिमीटर घेता?' असं सरळ विचारा. उत्तर पटकन आलं तर समोरच्याला माहीत आहे. नाही आलं तरी अडत नाही, यादीतला फोटोचा भाग मोबाइलवर दाखवा.

गर्दीची वेळ टाळा. शाळांचे प्रवेश सुरू असताना किंवा संध्याकाळी सात-आठला गेलात तर पाच मिनिटांत तुम्हाला मोकळं करण्याकडे त्यांचा कल असणार. सकाळी अकराच्या सुमारास गेलात तर दोन-तीन वेळा फोटो घेऊन बघायला सवड मिळते. पेठांमधली काही दुकानं दुपारी बंद असतात, तेही लक्षात ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या स्टुडिओंमध्ये फोटो काढल्यावर न विचारता त्याचं 'फिनिशिंग' होतं. ते प्रेमाने करतात, गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून करतात. रंग दोन छटा उजळ होतो, गालावरचे डाग जातात, डोळ्यांखालची काळी वर्तुळं जातात, कपाळावरच्या आठ्या पुसल्या जातात. कधी कधी तीळ जातो, देवीचे व्रण जातात, लहानपणी पडून झालेली भुवईवरची खूण जाते. साधा शर्ट घालून गेलेल्या माणसाला कोट-टाय चढवून देणारेही आहेत. लग्नाच्या बायोडाटासाठी हे कदाचित चालेल. व्हिसाच्या फोटोत यातलं काहीही चालत नाही.

कारण असं, की हा फोटो आधी तुमच्या पासपोर्टवरच्या फोटोशी ताडून बघतात, मग काउंटरवर बसलेल्या तुमच्या चेहऱ्याशी. व्हिसाचा स्टिकर पासपोर्टच्या पानावर लागतो तेव्हा त्यावरही चेहरा छापलेला असतो. तुमची माहिती आणि फोटो शेंगेन देशांच्या सामाईक व्हिसा माहिती प्रणालीत साठवले जातात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर प्रवेश आणि निर्गमनाची नवी नोंद पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, तिच्यात विमानतळावर प्रवाशाचा चेहरा टिपला जातो. इतक्या ठिकाणी जो चेहरा ताडला जाणार, तो गुळगुळीत आणि परका करून घेण्यात आपलंच नुकसान आहे. आणि मनापासून सांगतो, सावळा रंग, सुरकुत्या, तीळ यातलं काहीच लपवण्यासारखं नसतं. व्हिसा अधिकाऱ्याला तुमचा खरा चेहराच हवा असतो.

म्हणून फोटो काढण्याआधीच सांगून टाका: 'काका, व्हिसाचा फोटो आहे. ३५ बाय ४५, हनुवटीपासून माथ्यापर्यंत ३२ ते ३६ मिलिमीटर. मागे पांढरं. रंग उजळ करू नका, डाग काढू नका, काहीच टच-अप नको.' उजेड आणि रंगाचा समतोल योग्य करायला हरकत नाही. त्वचेला हात लावायचा नाही, एवढं त्यांना कळलं की पुरे.

पार्श्वभूमीचंही असंच आहे. बऱ्याच ठिकाणी निळ्या किंवा करड्या पडद्यापुढे फोटो काढतात आणि मग कॉम्प्युटरवर माणूस कापून पांढऱ्यावर चिकटवतात. घाईत कापलेल्या फोटोत कानाची पाळी अर्धी जाते, कुरळ्या केसांची कड कात्रीने कापल्यासारखी सरळ होते, डोक्याभोवती फिकट वलय राहतं. काउंटरवरच्या सरावलेल्या नजरेला हे लगेच दिसतं. स्टुडिओत खरा पांढरा पडदा आहे का ते विचारा. असला की त्यापुढेच काढून घ्या, आणि पडद्याला चिकटून उभे राहू नका, नाहीतर मागे मानेची सावली पडते.

केस पांढरे झालेल्या किंवा टक्कल असलेल्या मंडळींची एक अडचण असते. पांढऱ्यावर पांढरं मिसळून डोक्याची कडच हरवते. यादीत फिकट करडी पार्श्वभूमी चालते असं असेल तर तीच घ्या. नसेल, तर उजेड थोडा कमी ठेवायला सांगा, म्हणजे माथ्याची रेषा स्पष्ट येईल. संगणकावर फोटो मोठा करून ती रेषा दिसते आहे ना, हे तिथेच बघून घ्या.

तुमच्या बाजूची तयारी

कपडे गडद रंगाचे घाला. पांढरा सदरा, पांढरा कुर्ता, फिक्या रंगाची साडी पांढऱ्या पार्श्वभूमीत विरघळते आणि चेहरा हवेत तरंगल्यासारखा दिसतो. मरून, गडद निळा, हिरवा असा कुठलाही साधा रंग चांगला. गळा फार उंच नको, हनुवटी झाकली जाता कामा नये.

दुचाकीवरून जाणार असाल तर कंगवा आणि रुमाल बरोबर ठेवा. हेल्मेट किंवा चेहऱ्याभोवती गुंडाळलेला स्कार्फ काढल्यावर कपाळावर दाबाची रेघ उठते, केस चिकटतात आणि घामाने चेहरा चकाकतो. दहा मिनिटं पंख्याखाली बसा, तोंड धुवा, कोरडं करा. कपाळ आणि नाकाच्या शेंड्यावर तेलकटपणा राहिला तर तिथे उजेडाचा पांढरा ठिपका येतो. पावसाळ्यात केस ओले असतील तर ते आधी पूर्ण वाळवा.

केस चेहऱ्यावर येऊ देऊ नका. भुवया आणि डोळे पूर्ण दिसले पाहिजेत. लांब केस मागे घ्या, कान दिसले तर चांगलंच. मोठी क्लिप, रुंद हेअरबँड, गजरा नको.

टिकलीबद्दल बायका हमखास विचारतात. छोटी टिकली चेहऱ्याचा कुठलाच भाग झाकत नाही, त्यामुळे रोज लावत असाल तर राहू द्या. खड्याची, चमकणारी किंवा खूप मोठी टिकली काढून ठेवा, तिच्यावरून उजेड परततो. मंगळसूत्र आणि साधी कुडी राहू द्यायला हरकत नाही. मोठी नथ ओठावर येते, मोठे झुमके गालाची कड झाकतात, ते काढा. कपाळभर गंध किंवा भस्म लावत असाल तर त्या दिवशी फोटो झाल्यावर लावा.

डोक्यावर काही नको. गांधी टोपी, फेटा, डोक्यावरून घेतलेला पदर फोटोपुरता खाली. धार्मिक कारणाने डोकं झाकलेलं असेल, उदाहरणार्थ शीख पगडी किंवा हिजाब, तर ते चालतं. मात्र हनुवटीपासून कपाळापर्यंत आणि दोन्ही गालांच्या कडांपर्यंत चेहरा उघडा हवा, त्यावर कापडाची सावली नको.

चष्मा काढा. काही देशांच्या नियमांत तो चालतो, पण काचेवर चकाकी नको, फ्रेम डोळ्यांवर नको, काचेला रंग नको, अशा इतक्या अटी असतात की काढलेलाच बरा. उजेडात काळ्या होणाऱ्या काचा असतील तर प्रश्नच नाही. नाकावर पॅडचे खळगे उठलेले असतात, म्हणून फोटोच्या पाच-दहा मिनिटं आधीच काढून ठेवा.

बसताना पाठ ताठ, दोन्ही खांदे समान उंचीवर, मान सरळ, नजर थेट कॅमेऱ्यात. स्टुडिओत 'मान जराशी डावीकडे, हनुवटी वर' अशी सूचना सवयीने येते. ती नम्रपणे नाकारा. तोंड मिटलेलं, दात दिसायला नकोत, चेहरा शांत. हसू नका, पण कपाळाला आठ्याही पाडू नका. नेहमीसारखा श्वास सोडा आणि ओठ सैल ठेवा. डोळे मिटण्याची सवय असेल तर क्लिकच्या आधी डोळे मिटून घ्या आणि 'तीन' म्हटल्यावर उघडा.

आजी-आजोबा आणि बाळं

ज्येष्ठांना स्टुडिओच्या उंच स्टुलावर बसवू नका, पाठ असलेली खुर्ची मागा. पाठीत बाक असेल तर मान आपोआप पुढे येते आणि चेहरा खालून वर बघितल्यासारखा दिसतो. अशा वेळी माणसाला सरळ करण्यापेक्षा कॅमेरा खाली आणणं सोपं. पाठीमागे उशी दिली तरी बराच फरक पडतो. कवळी वापरत असतील तर ती लावूनच फोटो काढा. कवळीशिवाय ओठ आत जातात, गाल बसतात, आणि काउंटरवर कवळी लावून बसलेला माणूस फोटोतल्यापेक्षा वेगळा दिसतो. कानाचं यंत्र रोज लावत असतील तर राहू द्या. मान किंवा हात थरथरत असतील तर एकामागून एक बरेच फोटो घ्यायला सांगा, त्यातला एक स्थिर निघतो. घाई करू नका आणि घाई करूही देऊ नका. 'आजोबा, इकडे बघा ना' असं चार बाजूंनी चार जण ओरडले की नजर हमखास भलतीकडे जाते. एकानेच, कॅमेऱ्याच्या बरोबर मागे उभं राहून बोलावं.

बाळाचाही वेगळा फोटो लागतो, आईच्या मांडीवरचा चालत नाही. बारा वर्षांखालच्या मुलांना बोटांचे ठसे द्यावे लागत नाहीत, फोटो मात्र सगळ्यांनाच द्यावा लागतो. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे घरी, बाळाचं पोट भरल्यावर आणि झोप झाल्यावर, पांढऱ्या स्वच्छ चादरीवर उताणं झोपवायचं आणि वरून फोटो घ्यायचा. चादर ताणून घ्या, सुरकुत्या नकोत. खिडकीचा उजेड बाळाच्या दोन्ही गालांवर सारखा पडेल असं झोपवा, आणि तुमची स्वतःची सावली त्याच्यावर पडत नाही ना ते बघा. दृष्ट लागू नये म्हणून गालावर लावलेली तीट आणि डोळ्यांतलं काजळ फोटोआधी पुसा. तीट फोटोत तिळासारखी दिसते आणि प्रत्यक्षात तिथे तीळ नसतो. टोपडं काढा. चोखणी, खुळखुळा, कुणाचा हात यातलं काही फ्रेममध्ये नको. डोळे उघडे आणि तोंड शक्यतो मिटलेलं, एवढं जमलं की झालं. अगदी तान्ह्या बाळाच्या बाबतीत चेहऱ्याचे भाव थोडे इकडेतिकडे झाले तर सहसा समजून घेतलं जातं, बंद डोळे मात्र नको.

घरी मोबाइलवर

जमत असेल तर हेही चालतं, पण सेल्फी नको. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, चेहऱ्याची ठेवणच बदलते. दुसऱ्या कुणाला तरी दीड-दोन मीटरवर उभं करा, मागचा कॅमेरा वापरा, थोडा झूम करा. मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर, सरळ धरलेला.

ज्याचा फोटो आहे त्याने मोठ्या खिडकीकडे तोंड करून उभं राहायचं. मागे पांढरी भिंत, भिंतीपासून निदान एक मीटर पुढे. डोक्यावरची ट्यूबलाइट बंद करा, तिने डोळ्यांखाली आणि नाकाखाली सावली पडते. फ्लॅश नको. ऊन थेट चेहऱ्यावर येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढा. जुलै-ऑगस्टमधल्या ढगाळ दिवसांचा उजेड यासाठी फार छान असतो.

मोबाइलमधलं ब्यूटी मोड, पोर्ट्रेट मोड, फिल्टर, सगळं बंद. काही मोबाइलमध्ये ब्यूटी आपोआप चालू असतं, सेटिंगमध्ये जाऊन बघा. ते चालू राहिलं तर स्टुडिओच्या फिनिशिंगसारखंच काम मोबाइल गुपचूप करतो.

फोटो स्टुडिओला किंवा टूर कंपनीला पाठवताना व्हॉट्सअॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. नेहमीसारखा फोटो म्हणून पाठवला तर तो दाबून लहान केला जातो आणि छपाईत चेहरा अस्पष्ट दिसतो.

छपाई आणि तपासणी

३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर, ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो ४१३ बाय ५३१ पिक्सेलचा होतो. फाइल याहून मोठी असेल तर उत्तम. चार बाय सहा इंचाच्या एका फोटोकागदावर असे आठ फोटो बसतात. स्वतः छापत असाल तर प्रिंटरमध्ये 'पानाला बसवा' हा पर्याय बंद ठेवा, तो चालू राहिला की माप बदलतं. कागद खरा फोटोचाच हवा, झेरॉक्सच्या दुकानातल्या लेझर प्रिंटरवरचा साध्या कागदावरचा नको. मॅट मागितला असेल तर गुळगुळीत मॅट घ्या. काही ठिकाणी मॅट म्हणून बारीक जाळीचा, कापडासारखा पोत असलेला कागद देतात. फोटो स्कॅन करताना तो पोत चेहऱ्यावर उमटतो.

दुकानातून बाहेर पडण्याआधी, पैसे देण्याआधी, खिशातली छोटी पट्टी काढा. कंपासपेटीतली चालेल. फोटो ३५ बाय ४५ भरतो का बघा, कारण साच्यात दाबून कापणारं यंत्र जुनं असेल तर एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतात. मग हनुवटी ते माथा मोजा. ३४च्या आसपास आलं की निर्धास्त राहा. माथ्याच्या वर थोडी मोकळी जागा आहे ना, चेहरा मधोमध आहे ना, दोन्ही गालांवर उजेड सारखा आहे ना, डोळे लाल दिसत नाहीत ना. शेवटी घरच्या कुणाला तरी फोटो दाखवा आणि 'हा मीच वाटतो का?' असं विचारा. बरोबर आलेल्या माणसाने 'किती गोरे आलात' म्हटलं, तर फोटो पुन्हा करायला लावा. संकोच करू नका. शेंगेनच्या अर्जाचं शुल्क मोठ्यांसाठी ९० युरो आहे, त्यापुढे फोटोचा खर्च किरकोळ आहे.

सॉफ्ट कॉपी मागून घ्या, ईमेलवर किंवा पेन ड्राइव्हमध्ये.

अर्जाला लावताना

शेंगेनच्या अर्जाच्या पहिल्या पानावर फोटोसाठी चौकट असते. बहुतेक याद्या दोन फोटो मागतात. त्यातला एक चिकटवायचा आणि दुसरा सुटा द्यायचा की दोन्ही सुटे, ते यादीत बघा. काही लिहिलेलं नसेल तर दोन्ही सुटे न्या आणि तिथे विचारून लावा. बरोबर गोंदाची कांडी ठेवा. पातळ डिंकाने फोटो फुगतो. स्टेपलर आणि टाचणी अजिबात नको, चेहऱ्याजवळ भोक पडलं की फोटो बाद.

आपल्याकडच्या अर्जांवर फोटोवरून आडवी सही करायची सवय हाताला लागलेली असते. इथे फोटोवर सही करू नका. राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का किंवा साक्षांकनही लागत नाही. मागच्या बाजूला नाव आणि पासपोर्ट क्रमांक लिहायला सांगितलं असेल तर मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

फोटो छोट्या लिफाफ्यात, कडक पुठ्ठ्याच्या तुकड्याबरोबर ठेवा, फाइलमध्ये सुटे टाकू नका. घरात दोघं-तिघं अर्ज करत असाल तर प्रत्येकाचा लिफाफा वेगळा, वर नाव. प्रत्येकाचे चार फोटो जवळ असू द्या, दोन अर्जासाठी आणि दोन राखीव.

वेळेचं गणित असं ठेवा. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि निदान पंधरा दिवस आधी करावा लागतो. फोटो अपॉइंटमेंटच्या आठवडाभर आधी काढा. नीट आला नाही तर दुसऱ्या स्टुडिओत जायला वेळ राहतो, आणि मधल्या काळात दाढी वाढवायची किंवा मिशी काढायची असेल तर ते आधीच ठरतं. फोटोत दाढी आहे तर त्या दिवशीही असू द्या.

अपॉइंटमेंट पुण्यातल्या केंद्रात आहे की मुंबईत, ते देशावर अवलंबून आहे. पत्रावरचा पत्ता नीट वाचा. केंद्रात पैसे देऊन फोटो काढायची सोय बऱ्याचदा असते, पण तिथे रांग असते, दर जास्त असतो आणि पुन्हा पुन्हा काढून बघायला सवड नसते. तिला शेवटचा पर्याय समजा. काउंटरवर फोटो नाकारला तर वाद घालू नका, नेमकं काय चुकलं ते विचारा: चेहरा लहान, सावली, पार्श्वभूमी की कागद. कारण कळलं आणि राखीव फोटोंमध्ये तो दोष नसेल तर तो द्या. सगळे एकाच छपाईचे असतील तर तिथेच नवा काढा, आणि त्या वेळीही टच-अप नको असं सांगायला विसरू नका.